लोहभारामुळे बिघडलेला सांधा एक्स-रेवर कसा ओळखावा

ठाणे जिल्ह्यातील बाह्यरुग्ण विभागांत बोटे दुखतात म्हणून येणाऱ्या बहुतेकांना आमवात किंवा वयोमानाची झीज असते, आणि त्यामुळेच शरीरात साठलेल्या जादा लोहाने बिघडलेला सांधा सहज नजरेतून सुटतो. आनुवंशिक हेमोक्रोमॅटोसिस, म्हणजे अन्नातले लोह गरजेपेक्षा जास्त शोषले जाऊन अंगात साठण्याचा वंशपरंपरेने येणारा आजार, ज्यामुळे होतो तो युरोपीय वंशाच्या लोकांत आढळणारा एचएफई जनुकाचा सी२८२वाय हा दोष भारतात विरळा आहे. मात्र फाळणीनंतर उल्हासनगरात मोठ्या संख्येने वसलेल्या सिंधी समाजात थॅलेसेमिया या आनुवंशिक रक्तविकाराचे प्रमाण तुलनेने अधिक आहे, आणि ज्यांना लहानपणापासून वरचेवर रक्त चढवावे लागते त्यांच्या अंगात लोह साचत जाते. म्हणून रक्त चढवल्याची विचारपूस केल्याशिवाय एक्स-रे वाचायला घेऊ नये.

अंगठ्या आणि बांगड्या उतरवून दोन्ही हातांचा सरळ एक्स-रे घ्यावा, आणि सोबत तळहात चेंडू झेलण्याच्या पवित्र्यात ठेवून तिरका एक्स-रेही घ्यावा. सर्वप्रथम तर्जनी व मधल्या बोटाच्या मुळाशी असलेले सांधे पाहावेत, कारण आनुवंशिक हेमोक्रोमॅटोसिसची खरी खूण तेथेच सापडते. सांध्यातील फट अरुंद होते, हाडाच्या कडेखाली बारीक पोकळ्या आणि दाटपणा दिसतो, आणि तळहाताच्या हाडाच्या टोकाला, अंगठ्याकडच्या बाजूस, आकडीसारखी हाडाची वाढ फुटते. वयाची साधी झीज सहसा बोटांच्या टोकाकडील सांध्यांना आणि अंगठ्याच्या मुळाला धरते. त्यामुळे पन्नाशीच्या आतील व्यक्तीच्या या दोन सांध्यांत झीज दिसली, तर ती ‘वयामुळे’ असे लिहून मोकळे होणे मला अन्यायाचे वाटते. आमवातात सांध्याच्या कडा कुरतडलेल्या आणि भोवतालचे हाड विरळ दिसते. येथे तसे सहसा नसते.

त्यानंतर मनगट आणि गुडघे पाहावेत. मनगटातील त्रिकोणी कूर्चेत किंवा गुडघ्यातील अर्धचंद्राकृती कूर्चेत चुन्याची पांढरी रेघ दिसू शकते, पण असा क्षार लोहभार नसतानाही साचतो, म्हणून केवळ तेवढ्यावर निदान करू नये. घोट्याची किंवा खुब्याची झीज लहान वयात आढळली, तर मात्र संशय बळावतो.

थॅलेसेमियाच्या रुग्णाचे चित्र वेगळे असते: हाडांतील मगज वाढल्याने हाताची हाडे रुंद आणि त्यांची कवचे पातळ दिसतात. डेफेरिप्रोन हे लोह काढणारे औषध चालू असताना गुडघा दुखू लागला, तर तो औषधाचा परिणामही असू शकतो, हे उपचार करणाऱ्या डॉक्टरांच्या कानावर घालावे.

एक्स-रेवर लोह दिसत नाही, दिसते ती सांध्याची हानी. त्यामुळे संशय आल्यास फेरिटिन (शरीरातील लोहसाठ्याचा अंदाज देणारे प्रथिन) आणि ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन (रक्तातून लोह वाहणाऱ्या प्रथिनाचा किती टक्के भाग लोहाने भरला आहे ते) या रक्ततपासण्या सांगाव्यात; सॅच्युरेशन 45 टक्क्यांहून अधिक असल्यास पुढील तपास आवश्यक ठरतो, तर फेरिटिन साध्या जंतुसंसर्गातही वाढत असल्याने त्याचा एकट्याचा आकडा फसवू शकतो. यकृतातील लोहाचे मोजमाप एमआरआयवर करता येते. रक्त काढून किंवा औषधांनी लोह उतरले, तरी झिजलेला सांधा पूर्ववत होत नाही. म्हणून उपचाराचा गुण जोखण्यासाठी वारंवार एक्स-रे काढू नये, दुखणे वाढले किंवा नवा सांधा धरला तरच तो पुन्हा काढून जुन्या फिल्मशेजारी ठेवून पाहावा.