फिर्यादीवरून अपघातांचा अभ्यास करताय? या चुका टाळा

२०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. केंद्र सरकारच्या अहवालानुसार त्यातले सुमारे ७१ टक्के मृत्यू अतिवेगामुळे झाले. हा दुसरा आकडा तसाच उचलून प्रबंधात घालणं ही पहिली आणि सगळ्यांत महाग पडणारी चूक.

महाराष्ट्रातली अपघाताची कुठलीही फिर्याद काढा. ‘भरधाव वेगाने, हयगयीने व अविचाराने, रस्त्याच्या परिस्थितीकडे दुर्लक्ष करून’ असं वाक्य हमखास सापडेल. तिथे वेग कुणी मोजलेला नसतो, आणि अहवालातला ‘अतिवेग’ पोलिसांच्या अशाच नोंदींवरून येतो. पूर्वी भादंविचं (भारतीय दंड विधानाचं) कलम २७९ आणि ३०४अ, आता भारतीय न्याय संहितेचं २८१ आणि १०६ लावायचं, तर चालकाची हयगय दाखवावी लागते. दुभाजकात लोकांनी पाडलेली फट, बंद पडलेला पथदिवा, खचलेली साइडपट्टी यांच्यावर सहसा गुन्हा दाखल होत नाही, म्हणून त्या कागदावर येतीलच असं नाही. कारण शोधायचं असेल तर घटनास्थळ पंचनामा आणि त्याचा कच्चा नकाशा मागून घ्या. जागेवर जा, आणि अपघाताच्या वेळीच जा. रात्री नऊचा अपघात सकाळी अकराच्या उन्हात कळत नाही.

मृतांची मोजणीही पोलीस ठाण्याच्या रजिस्टरवर सोडू नका. अपघातानंतर ३० दिवसांच्या आत गेलेला माणूस मृतांत धरायचा असतो. पण जखमीला तालुक्याहून मोठ्या शहरात हलवतात, तो दहाव्या दिवशी तिकडे दगावतो आणि मूळ ठाण्यात ‘गंभीर जखमी’च राहून जाऊ शकतो. रुग्णालयाचं एमएलसी रजिस्टर (पोलिसांना कळवायच्या रुग्णांची नोंदवही) आणि शवविच्छेदनाच्या नोंदी ताडून पाहा. एकटाच घसरून पडलेला दुचाकीस्वार तर बहुतेक वेळा फक्त रुग्णालयातच सापडतो.

ब्लॅकस्पॉटच्या, म्हणजे वारंवार अपघात होणाऱ्या जागेच्या, अभ्यासात वेगळा घोळ होतो. एखाद्या वळणावर एका वर्षी फार माणसं गेली म्हणून ते निवडायचं, गतिरोधक घालायचा आणि पुढच्या वर्षी मृत्यू घटले की उपाय लागू पडला असं लिहायचं. फार वाईट वर्षानंतर आकडा काही न करताही बहुधा खाली येतो. आधीची आणि नंतरची किमान तीन-तीन वर्षं घ्या, आणि काहीच न केलेलं तसंच दुसरं वळण सोबत मोजा.

‘दर दहा हजार वाहनांमागे मृत्यू’ या दरावरही भिस्त ठेवू नका. गाड्या झपाट्याने वाढल्या की मृत्यू वाढत असतानाही तो उतरतो, शिवाय भंगारात गेलेल्या कित्येक गाड्या आरटीओच्या दप्तरात अजून चालूच असतात. दर लाख लोकसंख्येमागचा आकडा सोबत द्या.