जत्रेत, बाजारात गाडी घुसू नये म्हणून : या चुका टाळा

जत्रेची किंवा विसर्जनाची बैठक बसली की मंडप, वीज, प्रसाद, पार्किंग यांवर तास तास चर्चा रंगते. गर्दीत गाडी घुसली तर काय, हा विषय चुकून कोणी काढलाच तर दुसरा कोणीतरी हसून म्हणतो, "हय कोण येतलो गाडी घालूक?" कोकणातल्या आमच्या वाडीच्या जत्रेत रस्ता सांभाळायचं काम गेली काही वर्षं माझ्याकडे आहे. सुरुवातीला हा प्रश्न मीही असाच हसण्यावारी नेला होता.

अतिरेकी म्हटल्याशिवाय गंभीर न होणं

१४ जुलै २०१६ च्या रात्री फ्रान्समधल्या नीस शहरात समुद्रालगतच्या रस्त्यावर लोक आतषबाजी बघून परतत होते. १९ टनी ट्रक त्यांच्यात घातला गेला आणि ८६ माणसं मेली. असं काही वाचलं की आपण ते 'तिकडचं' म्हणून बाजूला ठेवतो.

पण २५ जानेवारी २०१२ ची सकाळ आठवा. पुण्यात स्वारगेट आगारातून एसटीच्याच एका चालकाने बस पळवली आणि शहरभर भरधाव फिरवली. नऊ जण गेले. त्यामागे कुठलीही संघटना नव्हती. अमेरिकेत सांता मोनिकाच्या शेतकरी बाजारात २००३ साली दहा माणसं चिरडली गेली, तेव्हा गाडीत ८६ वर्षांचे आजोबा होते. त्यांचा पाय ब्रेकऐवजी अ‍ॅक्सिलरेटरवर पडला होता. डिसेंबर २०२४ मध्ये कुर्ल्याच्या गजबजलेल्या रस्त्यावर बेस्टची बस बेकाबू होऊन गर्दीत घुसली, सप्टेंबर २०२५ मध्ये कर्नाटकात हासन जिल्ह्यात गणपतीच्या मिरवणुकीत ट्रक घुसला.

चालकाच्या मनात काय होतं याचं अडथळ्याला काही देणंघेणं नसतं. आपल्याकडे तर ब्रेक गेलेला चिऱ्यांचा, म्हणजे जांभ्या दगडांचा डंपर, मुंबईहून रात्रभर गाडी हाकत आलेला चाकरमानी आणि पोटात दोन बाटल्या रिचवून पुळणीकडे, म्हणजे समुद्रकाठच्या वाळूकडे निघालेला पर्यटक यांचीच शक्यता जास्त. या तिघांसाठी केलेली तयारी चौथ्या, मुद्दाम येणाऱ्यालाही उपयोगी पडते. त्यामुळे बैठकीत 'हल्ला' हा शब्द काढलाच पाहिजे असं नाही. 'डंपरचा ब्रेक गेला तर' असं म्हणा, सगळे सरसावून बसतात. मी आता तेच करतो.

उताराच्या पायथ्याशी रस्ता बंद करणं

माझ्या मते सर्वांत महागात पडणारी चूक हीच, आणि ती जवळपास सगळीकडे होते.

कोकणातली गावं कशी वसली आहेत ते बघा. वर सडा म्हणजे खडकाळ पठार, खाली खाडी किंवा समुद्र, आणि बाजारपेठ बहुतेक वेळा उतार संपतो तिथे. रस्ता बंद करायचा म्हटलं की आपण बाजाराच्या तोंडाशी, म्हणजे नेमक्या उताराच्या पायथ्याशी दोन बॅरिकेड उभे करतो. वरून येणारी गाडी तिथे पोचते तेव्हा तिच्या अंगात सगळ्यात जास्त वेग असतो.

शाळेतलं एक गणित इथे कामाला येतं. गाडीच्या अंगातली ऊर्जा वजनाच्या पटीत वाढते, पण वेगाच्या वर्गाच्या पटीत. ताशी २० किलोमीटरची गाडी ४० वर गेली की धडक दुप्पट नव्हे, चौपट होते, आणि ६० वर नऊपट. येणाऱ्या गाडीचं वजन आपल्या हातात नाही. तिला धाव घ्यायला किती सरळ रस्ता मिळणार, हे मात्र आपणच ठरवतो.

म्हणून नाकाबंदी उताराच्या डोक्यावर करा, नाहीतर एखाद्या वळणाच्या लगेच पुढे, जिथे गाडी आपोआप हळू झालेली असते. तिथून बाजारापर्यंत सरळ तुकडा उरत असेल तर त्यात नागमोड तयार करा : एक जड अडथळा डावीकडून अर्ध्या रस्त्यापर्यंत, थोडं पुढे दुसरा उजवीकडून. मधून रुग्णवाहिका चालत्या माणसाच्या वेगाने जाईल, पण कोणाला सुसाट जाता येणार नाही. दोन अडथळ्यांतलं अंतर कागदावर ठरवू नका. आदल्या दिवशी रुग्णवाहिका आणि अग्निशमन बंब खरोखर त्यातून फिरवून बघा. आमचा पहिला नागमोड इतका छान जमला होता की बंब अर्ध्यात अडकला आणि मागे घ्यायला वीस मिनिटं गेली.

गतिरोधकाने काम भागेल असं कोणी सांगेल. चुकून आलेला चालक त्याने थोडा सावध होतो. ब्रेक गेलेला किंवा ठरवून आलेला त्यावरून उडून पुढे येतो.

दिसायला भक्कम म्हणजे भक्कम, असं समजणं

पोलिसांचं ते पिवळं लोखंडी बॅरिकेड, ज्यावर सराफाची नाहीतर पतपेढीची जाहिरात असते, ते माणसांची रांग लावण्यासाठी आहे. दोन माणसं ते सहज उचलतात, मग मोटार ते किती लांब उडवेल याचा अंदाज करा. प्लास्टिकचे लाल-पांढरे अडथळे पाणी भरल्यावर थोडे तरी जड होतात. आपल्याकडे ते रिकामेच उभे असतात आणि दुपारच्या वाऱ्याला आडवे होतात. सिमेंटची मोठी कुंडी जमिनीत रोवलेली नसेल तर ती धडकेबरोबर घसरते आणि गाडीच्या पुढे दुसरं संकट होऊन लोकांत शिरते. महामार्गावरचे काँक्रीटचे दुभाजक बाजूने घासत येणाऱ्या गाडीसाठी बनवलेले असतात. एकेकटे आडवे ठेवले आणि समोरून ट्रक आला तर तेही सरकतात.

आता आपली खास कोकणी युक्ती : चिरे रचणं. जांभा मुबलक, गडी तयार, तासाभरात कमरेएवढा गडगा उभा. पण सुटा रचलेला गडगा धडकेत फुटतो आणि एकेक चिरा गर्दीत उडतो. अडवण्यासाठी ठेवलेली वस्तूच माणसं मारते. चिरे वापरायचेच असतील तर ते डंपरच्या हौद्यात असू द्या.

हे गमतीने म्हणत नाही. न्यूयॉर्कमध्ये मोठ्या मिरवणुकांना वाळूने भरलेले कचऱ्याचे ट्रक रस्त्यात आडवे लावतात. आपल्याकडे भरलेला डंपर तेच काम करतो आणि प्रत्येक पंचक्रोशीत तो मिळतो. मात्र रिकामा डंपर उभा करणं ही निम्मी तयारी झाली. भरलेला हवा, रस्त्याला आडवा हवा, दोन्ही टोकांना मोटार जाईल एवढी फट नको. गिअरमध्ये, हँडब्रेक ओढलेला, चाकांखाली दगड, आणि उतारावर असेल तर पुढची चाकं दरडीच्या बाजूला वळवलेली, नाहीतर आपला अडथळाच खाली बाजारात यायचा. चालक गाडीपाशीच पाहिजे. एका वर्षी आमचा चालक किल्ली खिशात घालून दर्शनाच्या रांगेत जाऊन उभा राहिला होता आणि बाहेर एका बाईला चक्कर आली म्हणून रुग्णवाहिका थांबलेली. ओटी भरणाऱ्या बायकांच्या रांगेतून त्याला शोधून आणेपर्यंत माझी जी अवस्था झाली ती अजून आठवते.

बोलार्ड बसवले, पण कसेही

पर्यटनाचा निधी आला की बाजारपेठेत, चौपाटीवर बोलार्ड लागतात, म्हणजे ते बुटके खांब. दोन खांबांतली मोकळी जागा १.२ मीटरपेक्षा जास्त असेल तर लहान मोटार त्यातून जाऊ शकते, आणि ९० सेंटिमीटरपेक्षा कमी असेल तर चाकाची खुर्ची अडकते. या दोन आकड्यांच्या मध्येच राहायचं. दुचाकी त्यातून जाणारच, तिच्यासाठी माणूस उभा करा.

खांब किती जाड हे सगळे विचारतात. जमिनीखाली काय आहे हे कोणी विचारत नाही, आणि खरी ताकद तिथेच असते. फरशी फोडून वीतभर खोल सिमेंटमध्ये उभी केलेली पोकळ नळी म्हणजे शोभा. धडक सोसणारे खांब खाली एकमेकांना जोडलेल्या लोखंडी-काँक्रीटच्या पायावर असतात आणि ते खरी गाडी आदळवून तपासलेले असतात, साधारण ७.२ टनी ट्रक ताशी ८० किलोमीटरने, अशा पद्धतीने. ठेकेदाराला एवढंच विचारा : किती वजनाची गाडी, किती वेगाने, आणि धडकेनंतर ती किती आत आली? उत्तरादाखल रंगाची निवड दाखवली तर समजून जा.

वरखाली होणाऱ्या खांबांच्या मोहात पडू नका. अमेरिकेत न्यू ऑर्लिन्सच्या बर्बन स्ट्रीटवर असे सरकते खांब होते; उत्सवात उधळल्या जाणाऱ्या मण्यांच्या माळा त्यांच्या खाचांत अडकून ते बिघडत राहिले. नवे बसवायचं काम चालू असतानाच १ जानेवारी २०२५ ला तिथे गर्दीत गाडी घालून हल्ला झाला, चौदा जण मेले. आपल्याकडे मणी नसतील, पण वाळू, गुलाल, खारा वारा आणि तीन-साडेतीन हजार मिलिमीटर पाऊस आहे. किल्लीने काढता येणारे साधे खांब इथे जास्त टिकतात. किल्ल्या दोन ठेवा, कोणाकडे आहेत ते फळ्यावर लिहा, आणि पावसाळ्यानंतर प्रत्येक खांब काढून, ग्रीस लावून परत बसवा. गंजून बसलेला खांब ऐन वेळी निघत नाही, आणि निघाला तर परत बसत नाही.

पुढचं दार बंद, मागचं उघडं

न्यू ऑर्लिन्सला पोलिसांची गाडी रस्त्यात आडवी होती. हल्लेखोर बाजूच्या फुटपाथवरून गेला. जर्मनीतल्या माग्डेबुर्गला डिसेंबर २०२४ मध्ये नाताळच्या बाजाराभोवती काँक्रीटचे ठोकळे होते; गाडी आत आली ती बचाव वाहनांसाठी सोडलेल्या वाटेने. मे २०२५ मध्ये इंग्लंडात लिव्हरपूलच्या फुटबॉल संघाच्या विजयी मिरवणुकीत एक मोटार रुग्णवाहिकेच्या मागोमाग घुसली, कारण तिच्यासाठी अडथळा क्षणभर उघडला होता.

आपल्याकडची मागची दारं वेगळी : गटारावरच्या लाद्या, देवळामागची बैलगाडीची वाट, शाळेचं मैदान, आणि किनाऱ्यावर होड्या उतरवायचा रॅम्प. विसर्जनाच्या दिवशी मुख्य रस्ता कडेकोट आणि मासळीच्या टेम्पोसाठी रॅम्प सताड उघडा, हे मी स्वतः पाहिलं आहे. पुळणीवर एरवीही गाड्या घालणाऱ्या पर्यटकांना ती वाट पाठ असते. कार्यक्रमाआधी एकाने मोटरसायकल घेऊन 'मला आत जायचंच आहे' असं ठरवून सगळ्या वाटा फिरून बघाव्यात. हे काम वाडीतल्या विशीतल्या पोरांना द्या. आपल्याला माहीत नसलेल्या तीन वाटा ती अर्ध्या तासात काढतात.

बचावाची वाट मात्र हवीच. तिच्यावरचा अडथळा हलता, जड आणि माणसासकट असावा, एका वेळी एकच वाहन सोडावं आणि ते गेल्यावर लगेच बंद करावा. रुग्णवाहिकेच्या शेपटाला धरून येणारा नातेवाईक खरा असेल; त्याला चालत येऊ द्या.

माणसं कोंडून ठेवणं

गाडी अडवायच्या नादात गर्दीलाच कोंडाल. २५ जानेवारी २००५ ला मांढरदेवीच्या यात्रेत चेंगराचेंगरीत अडीचशेहून जास्त भाविक गेले, आणि तिथे कुठलीही गाडी आत शिरली नव्हती. अडथळ्यांतून पायी बाहेर पडायला दर थोड्या अंतरावर वाट हवी. पाखाड्या, म्हणजे घरांमधल्या पायऱ्यांच्या वाटा, स्टॉलवाल्यांना देऊ नका. गाडी खरंच आली तर लोकांनी तिच्या पुढे रस्त्याने पळायचं नसतं, बाजूला जायचं असतं : पायऱ्यांवर, पक्क्या भिंतीमागे, दुकानात. पाखाडीच्या तोंडाशी खाजाचं दुकान असेल तर कुठे जाणार? ध्वनिक्षेपकावरून एवढी सूचना आणि ११२ हा क्रमांक दिवसातून दोन-तीनदा सांगायला काही लागत नाही.

"आपलोच माणूस आसा, सोड रे"

लोखंडाने जे साधतं ते या वाक्याने वाया जातं. एक मानकरी, एक पुढारी, एक देणगीदार, मग बर्फवाला, मग साऊंडवाला. पाचव्या गाडीनंतर नाक्यावरचा मुलगा बॅरिकेड बाजूलाच ठेवून देतो. त्याला दोष देऊ नका, एवढ्याशा पोराने सरपंचांना नाही कसं म्हणायचं? नाही म्हणायचं काम गावाबाहेरच्या होमगार्डला द्या, आणि मालाच्या टेम्पोंची वेळ सकाळी नऊला संपवा. मानकऱ्यांसाठी नाक्याबाहेर बसायला खुर्च्या आणि आत न्यायला दोन स्वयंसेवक ठेवले की मान राहतो, गाडी बाहेर राहते. हे जमायला आम्हाला दोन जत्रा लागल्या, आणि एका काकांनी अजून बोलणं सोडलेलं आहे.

आंगणेवाडीसारख्या ठिकाणी तर जत्रेची तारीखच देवीच्या कौलावर ठरते. तारीख कळल्यावर धावपळ करण्यापेक्षा नाके, डंपर आणि माणसं यांची यादी आधीच तयार ठेवावी.

लवकर आवरणं

बर्बन स्ट्रीटवर गाडी आली ती पहाटे सव्वातीनला. आमच्याकडे रात्री बारा वाजता पालखी देवळात गेली की स्वयंसेवक जेवायला जातात, डंपरवाला घरी जातो, दोन पोरं बॅरिकेड रस्त्याकडेला रचतात. आणि त्याच वेळी दशावतार उभा राहतो. पाचशे माणसं रस्त्यावरच चटया टाकून बसलेली, निम्मी पोरं आयांच्या मांडीवर झोपलेली, बाहेरगावचे लोक पहिल्या एसटीची वाट बघत कडेला पेंगत असतात. गेल्या दोन वर्षांपासून आमचा डंपर, नाटक संपून चटया गुंडाळेपर्यंत हलत नाही. चालकाला पहाटेचा चहा आणि एक भाडं जास्त द्यावं लागतं, तेवढंच.