केबल चॅनेलमधली प्रेमाची एकांकिका : बेळगावच्या मंडळींसाठी कृती

आधी दोघांच्या नोकऱ्या ठरवा, नावं मागाहून. एकाचं काम दुसऱ्यावाचून अडायलाच हवं, नाहीतर तेच प्रेम बँकेतही जमलं असतं. लोकल चॅनेलसाठी चोख जोडी म्हणजे बातम्या वाचणारी शहापूरची मराठी मुलगी आणि कॅमेऱ्यावरचा गोकाकचा कानडी पोरगा. बातमीचा मजकूर काचेवर सरकवणारा प्रॉम्प्टरही त्याच्याच गळ्यात घाला, असल्या चॅनेलात एका पगारात दोन कामं असतातच. प्रॉम्प्टरची काच लेन्ससमोर ४५ अंशांत बसवलेली असते. म्हणजे ती गावाकडे बघून वाचते, पण समोर उभा असतो तो. ओळी तिच्या वाचण्याच्या वेगानं सरकवायच्या असतात. भांडण झालं की तो मजकूर पळवतो आणि ती विधानसभेची बातमी एका दमात संपवते. रुसव्याला वेगळा संवाद लागत नाही.

बुलेटिन प्रमाण मराठीत ठेवा, पण प्रक्षेपणाचा लाल दिवा विझला की लगेच "एसी लावा की वो, किती उकडायलंय!" त्यानं रोज टॉकबॅकवर, म्हणजे स्टुडिओ आणि कंट्रोल रूममधल्या बोलण्याच्या लाइनवर, "ऊटा आतेन्री?" (जेवण झालं का?) विचारावं. जेवणाची चौकशी एकीची, ऐकतो सगळा कंट्रोल रूम.

मधला पेच हिरव्या चुड्यावर उभा करा. मागं हिरवा पडदा असतो आणि चित्रं जोडणारं मिक्सर यंत्र हिरवं दिसेल ते कापून तिथं किल्ल्याचं चित्र घालतो. बहिणीच्या लग्नात सगळ्यांबरोबर हिनंही हिरव्या बांगड्या भरल्या आणि तशीच स्टुडिओत आली, की मनगटांच्या जागी किल्ल्याची तटबंदी दिसते. कंट्रोल रूममध्ये "हात कुठं गेले?" म्हणून गोंधळ. कॅमेऱ्याच्या व्ह्यूफाइंडरमध्ये मात्र न कापलेलं चित्र असतं. चुडा फक्त त्याला दिसतो आणि लग्न हिचंच ठरलं असा तो समज करून घेतो. खुलासा निदान पंधरा मिनिटं लांबवा. रंगमंचावर मॉनिटरची पाठ प्रेक्षकांकडे ठेवा. पडद्यावर खरं चित्र दाखवायच्या भानगडीत पडलात तर प्रोजेक्टरच नाटक खातो.

प्रेमाची कबुली लेपल माइकवर, म्हणजे कपड्याला लावलेल्या छोट्या माइकवर. इथं बरेच जण चुकतात. माइकचा आवाज साउंडवाल्याच्या हेडफोनवर येतच असतो. फेडर, म्हणजे आवाजाची सरकपट्टी, वर असला तरच तो बाहेर जातो. फेडर वर म्हणजे टेबलावरचा लाल दिवा लागलेला, हे पहिल्या पाच मिनिटांत दोनदा दाखवा, एकदा तरी फालतू कारणानं. मग पस्तिसाव्या मिनिटाला नुसता दिवा लागला तरी प्रेक्षक आधीच हसतो. उघड्या माइकची युक्ती दुसऱ्यांदा वापरू नका.

त्यावर वीज घालवा. चॅनेल जनरेटरवर चालू, गल्ली अंधारात, कुणाचाच टीव्ही चालू नसणार म्हणून ती निर्धास्त. तेवढ्यात सगळं ऐकलेल्या मावशीचा फोन. मावशीकडे इन्व्हर्टर आहे एवढ्यानं भागत नाही, कारण वाटेतला सिग्नल वाढवणारा केबलचा बूस्टर गल्लीच्या विजेवर असेल तर तिला काहीच दिसणार नाही; आणि पहिल्या रांगेत एखादा केबलवाला बसलेला असतोच. मावशीला स्टुडिओच्या वरच्या मजल्यावर बिऱ्हाड द्या, जनरेटरही तोच.

प्रतिस्पर्धी हवा असेल तर काळ डिसेंबरचा धरा. हलग्याच्या सुवर्ण विधानसौधचं, म्हणजे कर्नाटक विधिमंडळाच्या इथल्या इमारतीचं, २०१२ मध्ये उद्घाटन झालं. तिथल्या हिवाळी अधिवेशनाला बेंगळुरूहून ओबी व्हॅन, म्हणजे थेट प्रक्षेपणाच्या गाड्या, येतात. व्हॅन दाखवायची गरज नाही, दारातून आत आलेली जाड केबल आणि तिला अडखळणारा रुबाबदार रिपोर्टर पुरे. सीमाप्रश्न १९५६ पासूनचा आहे, तो पाऊण तासात सोडवायला जाऊ नका. दोन्ही बापांची भाषणं तर मुळीच नकोत.

टाईप केलेली तीस-पस्तीस पानं, पात्रं सहा. सातच्या मराठी बुलेटिननंतर साडेसातचं कानडी त्याच खुर्चीवरून, त्यामुळे शेवटी कानडी वाचणारी दुसरी बाई खुर्चीमागं खोळंबलेली ठेवा. पडद्याचा क्यू लाल दिवा विझण्यावर द्या, नायिकेच्या वाक्यावर नको. टाळ्यांत वाक्य विंगेपर्यंत पोचत नाही.