गालावर फुटलेल्या कॅन्सरच्या जखमेचं ड्रेसिंग

तंबाखू-गुटख्याने झालेला तोंडाचा कॅन्सर पुढच्या टप्प्यात कधीकधी गाल फोडून बाहेर येतो. ही जखम ड्रेसिंगने भरत नाही. वास, स्राव, रक्त आणि दुखणं आटोक्यात ठेवायचं असतं. म्हणून लाल मांस दिसेपर्यंत घासू नका.

डॉक्टरांनी दिलेली दुखण्याची गोळी आधी द्या. मॉर्फिन असेल तर अर्धा-पाऊण तास आधी. हात धुवून ग्लोव्ह्ज घाला. लिटरभर पाणी उकळून त्यात 9 ग्रॅम, म्हणजे सपाट दीड चहाचा चमचा मीठ घाला, कोमट होऊ द्या आणि त्याच दिवशी संपवा. जुनं गॉज या पाण्याने दहा मिनिटं भिजवा. कोरडं ओढलं की गाठीवरच्या नाजूक रक्तवाहिन्या फुटतात. मग सिरिंजने हलकी धार सोडून धुवा. हायड्रोजन पेरॉक्साइड, डेटॉल, हळद काही नको.

वास येतो तो मेलेल्या मांसात हवेशिवाय वाढणाऱ्या जंतूंमुळे. त्यासाठी डॉक्टर मेट्रोनिडाझोल लिहून देतात. गोळी बारीक कुटून जखमेवर पातळ भुरभुरायची, वर व्हॅसलीन लावलेलं गॉज, त्यावर जाड पॅड. सॅनिटरी नॅपकिन इथे उत्तम चालतो आणि स्वस्तही पडतो. भोवतालच्या त्वचेला झिंक ऑक्साइड लावा, नाहीतर स्रावाने ती सोलवटते. त्यावर चिकटपट्टी टिकत नाही, बँडेजच गुंडाळा. दिवसातून एकदा बदला, भिजलं तर लगेच.

गालाला आरपार भोक असेल तर भरवलेली पेज तिथून बाहेर येते. जेवणाआधी व्हॅसलीन लावलेल्या गॉजची एकच लांब पट्टी आत सैलसर बसवा आणि टोक बाहेर झिंक न लावलेल्या त्वचेवर चिकटवून ठेवा. सुटे तुकडे कोंबू नका. एखादा घशात उतरू शकतो. जेवण झालं की पट्टी काढून जखम धुवा.

रक्त आलं तर ओलं गॉज ठेवून घड्याळ लावून दहा मिनिटं दाबा. मध्ये उचलून पाहिलं की जमलेली गुठळी निघते. रक्त थांबवणारी ट्रॅनेक्झॅमिक ॲसिडची गोळी दिलेली असेल तर तिची पूड गॉजखाली ठेवता येते. उशाशी गडद रंगाचा टॉवेल ठेवा. पांढऱ्यावर रक्त दिसलं की रुग्ण आणि घरचे दोघेही घाबरतात. धार लागली तर दाब न सोडता डॉक्टरांना फोन करा.

उघड्या जखमेवर माश्या बसल्या की अळ्या होतात. झोपतानाही ती झाकलेली हवी. झाल्याच तर टर्पेंटाइन स्वतः ओतू नका, तोंडात उतरतं. नर्सला बोलवा.