कवितेतील आणि गद्यातील अलंकार कसे ओळखावेत

अलंकारांची नावे आणि व्याख्या पाठ असूनही अपरिचित कविता समोर आली की अनेक वाचक अडखळतात, कारण ‘जणू’ दिसले की उत्प्रेक्षा आणि ‘सारखा’ दिसला की उपमा, अशा खुणा त्यांनी घोकलेल्या असतात. या खुणा उपयोगी असल्या तरी बेभरवशाच्या आहेत. ‘मूल सारखे रडत होते’ यात तुलनेचा संबंधच नाही. ‘दोघांची उंची सारखी आहे’ यात तुलना आहे, पण ती मोजपट्टीची, कल्पनेची नव्हे. म्हणून नावाचा विचार शेवटी करावा आणि वाक्य नेमके काय करते आहे ते आधी पाहावे.

पहिले काम म्हणजे ओळ मोठ्याने वाचणे. कानाला काही विशेष जाणवले, तर त्या जागचे शब्द बदलून त्याच अर्थाचे दुसरे शब्द घालावेत. शब्द बदलताच सौंदर्य नाहीसे झाले तर तो शब्दालंकार, आणि शब्द बदलूनही ते टिकले तर अर्थालंकार. संस्कृत काव्यशास्त्रकार मम्मटाने ‘काव्यप्रकाश’ या ग्रंथात हा भेद याच कसोटीवर केला आहे, आणि इतक्या शतकांनंतरही तिच्याहून सोपी कसोटी सापडत नाही. ‘पानापानांत पाऊस पुटपुटत होता’ हे वाक्य घ्या. त्याऐवजी ‘झाडाझुडपांतून सरी कुजबुजत होत्या’ असे म्हटले, तर ‘प’ची आवृत्ती, म्हणजेच अनुप्रास, नाहीसा होतो, पण पावसाला माणसासारखे बोलायला लावणारी चेतनगुणोक्ती तशीच राहते. म्हणजे एकाच वाक्यात दोन अलंकार होते आणि कसोटीने ते वेगळे झाले.

श्लेषाला, म्हणजे एकाच शब्दातून दोन अर्थ निघतात त्या अलंकाराला, हीच कसोटी लावावी. ‘दुपार झाली तसे सूर्याचे कर सोसवेनासे झाले, राजाचे तर आधीपासूनच सोसवत नव्हते.’ येथे ‘कर’ म्हणजे किरणही आणि सरकारी पट्टीही; तो काढून ‘किरण’ घातल्यास वाक्याचा उत्तरार्ध कोसळतो. यमक ओळखायला मात्र फारसे कष्ट पडत नाहीत, ते कानालाच कळते.

अर्थालंकारांकडे वळल्यावर प्रथम उपमेय शोधावे: कवी खरोखर कशाविषयी बोलतो आहे? त्यानंतर उपमान (ज्याची उपमा दिली ते), दोहोंतील साधारण धर्म (समान गुण) आणि साम्यवाचक शब्द पाहावेत. हे चारही घटक वाक्यात प्रत्यक्ष असतीलच असे नाही, पण उपमेय हाती लागले नाही तर पुढचे सारे अंदाजच ठरतात. मग एकच प्रश्न विचारावा: उपमेय आणि उपमान यांच्यात किती अंतर उरले आहे?

ढग आणि हत्ती ही एकच जोडी घेऊन हे पाहू. ‘ढग हत्तींसारखे संथ चालले होते’ यात दोघे वेगळे राहून सारखे आहेत, म्हणून उपमा. ‘ते ढग म्हणजे जणू हत्तींचा कळपच’ ही संभावना, म्हणजे एक जणू दुसरेच असावे अशी कल्पना आहे, म्हणून उत्प्रेक्षा. ‘ढगांच्या हत्तींनी डोंगरमाथा तुडवला’ यात अंतर मिटले आहे, हे रूपक. ‘हे ढग नव्हेत, हत्ती आहेत’ असे म्हणून उपमेय नाकारले की अपन्हुती होते, आणि ढगांचा डौल हत्तींनाही लाजवू लागला की व्यतिरेक. ‘ढग म्हणावेत की हत्ती?’ हा ससंदेह. परंतु ढगांना हत्ती समजून सिंह गुहेबाहेर धावला, तर भ्रांतिमान. या शेवटच्या दोहोंत विद्यार्थी हमखास गोंधळतात. संशय मनातच राहतो, तर भ्रम झालेला त्या भ्रमानुसार वागतो, एवढे ध्यानात ठेवले तरी पुरे.

सामासिक शब्दात क्रियापदाकडे लक्ष द्यावे. ‘मुखचंद्र उगवला’ यात उगवणे चंद्राला शोभते, म्हणून रूपक पक्के. ‘मुखचंद्र हसला’ यात हसणे मुखाचे आहे, त्यामुळे शास्त्रदृष्ट्या कल उपमेकडे जातो. परीक्षेत बहुधा दोन्हींना रूपकच म्हटले जाते, ते चालवून घ्यावे.

गद्यात अलंकार ओळखणे अधिक अवघड असते, कारण तेथे रूढ भाषाच अलंकाराचा आव आणते. ‘पावसाने पाठ फिरवली’ हा वाक्प्रचार वापरून इतका गुळगुळीत झाला आहे की वाचकाला त्यात पाठ दिसतच नाही. त्याला अलंकार म्हणण्याची घाई करू नये. मात्र लेखकाने ‘पावसाने पाठ फिरवली आणि गाव त्या पाठीकडे बघत बसले’ असे लिहिले, तर चित्र पुन्हा जिवंत होते आणि चेतनगुणोक्तीची नोंद रास्त ठरते.

गद्यातील उपरोधासाठी प्रसंग पाहिल्याशिवाय गत्यंतर नाही. ‘आपल्या औदार्याला तोड नाही; उसन्या नेलेल्या छत्रीचा दांडा तरी आपण परत केलात’ या वाक्याचा पूर्वार्ध सुटा वाचला तर ती शुद्ध स्तुती वाटेल. दांड्यापाशी पोहोचल्यावरच ती व्याजस्तुती, म्हणजे स्तुतीच्या आडून केलेली निंदा, असल्याचे कळते. तेव्हा वाक्य नव्हे, तर संपूर्ण परिच्छेद वाचूनच निर्णय घ्यावा.

एवढे करूनही एकाच ओळीला दोन नावे लागू पडत असतील, तर एकाला खोडून काढण्याचा आटापिटा करू नये. दोन अलंकार तीळ-तांदळासारखे वेगळे दिसत असतील तर त्यास संसृष्टी म्हणतात आणि दूध-पाण्यासारखे मिसळले असतील तर संकर. वर आलेले ‘पाऊस पुटपुटत होता’ हे वाक्य यांपैकी पहिल्या प्रकारात बसते.