कात्रीचं कुलूप कधी उघडतं? प्रोटिएजवर प्रोजेक्ट घेणाऱ्यांसाठी

एमएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला स्टॅफिलोकोकस ऑरियस या जिवाणूच्या प्रोटिएजवर, म्हणजे प्रथिनं कापणाऱ्या विकरांवर, प्रोजेक्ट मिळाला तेव्हा वाटलं, सुटलो. जिवाणू वाढवायचा, सेंट्रिफ्यूज करायचा, वरचं पाणी गाळून दुधाच्या आगर प्लेटमधल्या वेलमध्ये सोडायचं. दुधातलं केसिन हे प्रथिन कापलं गेलं की भोवती पारदर्शक वलय. तीन आठवडे माझ्या प्लेट पांढऱ्याशुभ्र. गाइड मॅडम काही बोलत नव्हत्या, तेच जास्त लागायचं.

मग जुलैतला एक दिवस. सकाळी दहाला फ्लास्क लावला आणि बाराच्या सुमारास सायनला रुळांवर पाणी आल्याची बातमी आली. कॉलेज लवकर सोडलं. मी डोंबिवलीला पोचले रात्री साडेआठला. फ्लास्क शेकरवर तसाच फिरत राहिला. दुसऱ्या दिवशी ओतून टाकायच्या आधी, उगीच मनाचं समाधान म्हणून, त्यातलंच पाणी प्लेटवर लावलं. संध्याकाळी वलय! चांगलं बोटभर रुंद.

चूक माझ्या सवयीत होती. ओडी (कल्चरचा गढूळपणा) 0.6 झाली की कल्चर उतरवायचं, हे प्रॅक्टिकलमध्ये अंगवळणी पडलेलं. पण त्या वेळेला हा जिवाणू प्रोटिएज जवळजवळ सोडतच नाही. संख्या कमी असताना त्याला पेशींना चिकटून बसायचं असतं. तेव्हाच कात्री काढली तर स्वतःचीच चिकटणारी प्रथिनं कापली जातील. म्हणून तो गर्दी मोजतो. प्रत्येक पेशी एक छोटा पेप्टाइड बाहेर टाकते. त्याचं प्रमाण पुरेसं वाढलं की पटलावरचं एजीआरसी हे प्रथिन तो ओळखतं, आतल्या एजीआरए या प्रथिनाला निरोप देतं आणि आरएनए-३ नावाचा रेणू तयार होतो. हा आरएनए ‘रॉट’ नावाच्या प्रथिनाचं उत्पादन रोखतो, आणि प्रोटिएजच्या जनुकांवर पाय देऊन बसलेला हाच रॉट. तो उठला की दुकान उघडलं.

दुकान उघडलं तरी माल कुलपातच असतो. ही प्रोटिएज बाहेर येतात ती जास्तीचा तुकडा लावलेल्या, निष्क्रिय रूपात. आधी ऑरिओलायसिन जागं होतं, ते व्ही-८ प्रोटिएजचा तुकडा कापतं, आणि व्ही-८ स्टॅफोपेन-बीला मोकळं करतं. स्टॅफोपेन चुकून पेशीच्या आतच चालू झालं तर त्याला पकडायला स्टॅफोस्टॅटिन नावाचा वेगळा पहारेकरी. मला ही साखळी कागदावर कळली नव्हती. ईडीटीए घातल्यावर वलय लहान झालं, पण गेलं नाही, तेव्हा कळली. ऑरिओलायसिनला जस्त लागतं, ते ईडीटीएने ओढून घेतलं. व्ही-८ सेरीन प्रोटिएज, त्याला धातू लागत नाही आणि ते आधीच मोकळं झालेलं होतं, त्याला फरक पडला नाही. तोंडी परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांनी नेमकं हेच विचारलं.

सगळे जिवाणू गर्दीच मोजतात असं नाही, म्हणून विषय घेण्याआधी तुमच्या जिवाणूचा इशारा कोणता ते शोधा. 1896 मध्ये मांडवीपासून मुंबईत पसरलेल्या प्लेगचा जिवाणू घ्या. त्याच्या बाहेरच्या पटलावर ‘प्ला’ नावाचं प्रोटिएज बसलेलं असतं. पिसवेच्या थंड अंगातून माणसाच्या 37 अंशांत आला की पटलातल्या लिपिडची ठेवण बदलते आणि प्लाची धार वाढते. क्षयाच्या जिवाणूत गोष्ट आणखी वेगळी: क्लपी-१ आणि क्लपी-२ ही प्रोटिएज मिळून 14 तुकड्यांचं पिंप होतं, पाती आत, तोंडाशी राखणदार, आणि हे पिंप नसेल तर जिवाणू जगतच नाही. औषधवाल्यांचा डोळा म्हणूनच त्यावर आहे.

कामाचं सांगायचं तर, एका वेळेवर विसंबू नका. दर दोन तासांनी थोडं कल्चर काढून ठेवा, रात्रभराचंही. कल्चरचं वरचं पाणी उकळून आणि नुसतं माध्यम, या दोन वेल प्रत्येक प्लेटवर हव्याच. ऑरियस रोगकारक आहे, बायोसेफ्टी कॅबिनेटबाहेर झाकण उघडायचं नाही, ‘एकदाच’ म्हणूनही नाही.

आणि दुधाची पावडर आगरपासून वेगळी, थोडाच वेळ ऑटोक्लेव्ह करा (दाबाखालच्या वाफेत निर्जंतुक), मग कोमट आगरात मिसळा. माझी पहिली बॅच पूर्ण वेळ आत राहिली आणि बदामी होऊन बाहेर आली. लॅबमधल्या काकांनी फ्लास्क उजेडात धरून विचारलं, “बासुंदी का? वेलची घातलीस की नाही?”