या चुका टाळा: पेशीतली जागा चुकली की उत्तर चुकतं

अकरावी-बारावीच्या जीवशास्त्राच्या वह्या तपासताना एकच चूक मला वेगवेगळ्या रूपात भेटते. व्याख्या अचूक पाठ असते, पण ती गोष्ट पेशीत नेमकी कुठे घडते असं विचारलं की पेन थांबतं.

रससंकोचाचा, म्हणजे पाणी बाहेर गेल्याने पेशीचा आतला भाग आक्रसण्याचा, प्रयोग घ्या. नाशकात त्यासाठी कांद्याला तोटा नाही, तरी कितीतरी मुलांना सूक्ष्मदर्शकाखाली काहीच दिसत नाही. कारण ती कांद्याच्या पाकळीचा आतल्या बाजूचा पापुद्रा काढतात. तो सहज सुटतो, पण बिनरंगी असतो. गडद लाल कांदा घ्या, फिकट उन्हाळ नको, आणि मांसल पाकळीच्या बाहेरच्या, रंगीत बाजूचा पापुद्रा सोला. सोलल्याबरोबर पाण्यात टाका. तिथला जांभळट रंग रिक्तिकेच्या, म्हणजे पेशीतल्या रसाच्या पिशवीच्या, रसात असतो, म्हणून साध्या पाण्यात तो पेशीभर पसरलेला दिसतो. मग १०० मिली पाण्यात ५ ग्रॅम मीठ विरघळवा, त्याचा थेंब कव्हरस्लिपच्या एका कडेला सोडा आणि दुसऱ्या कडेला टिपकागद लावा. काही मिनिटांत रंग आक्रसून मध्ये गोळा होतो, पेशीभित्तिका मात्र जागची हलत नाही. आकृतीत बरेच जण भित्तिकाही आत ओढलेली काढतात आणि गुण घालवतात.

तोंडी परीक्षेत यावर हमखास विचारावा असा प्रश्न आहे: भित्तिका आणि आक्रसलेलं प्रद्रव्यपटल (भित्तिकेच्या आतलं पातळ आवरण) यांच्यामधल्या फटीत काय असतं? मुलं ‘हवा’ म्हणतात, ‘पोकळी’ म्हणतात. तिथे असतं बाहेरचं मिठाचं पाणी. भित्तिका मिठाला अडवत नाही, पटल अडवतं. हे ज्याला उमगलं त्याला परासरण, म्हणजे अशा पटलातून होणारी पाण्याची ये-जा, कळलं, असं मी मानतो. पुन्हा साधं पाणी सोडलं की रंग पसरायला हवा. पसरला नाही, तर पापुद्रा वाळून किंवा मिठात फार वेळ राहून पेशी मेल्या आहेत.

‘पाणी जास्त संहतीकडून कमी संहतीकडे जातं’ हे वाक्य उत्तरपत्रिकेत लिहू नका. संहती, म्हणजे द्रावणातलं प्रमाण, कशाची? बेदाणा पाण्यात फुगतो, कारण साखर त्याच्या आत जास्त आहे आणि पाणी बाहेर. विद्राव्याचं, म्हणजे विरघळलेल्या पदार्थाचं, नाव घेतल्याशिवाय वाक्य पुरं होत नाही.

दुसरी मोठी गल्लत किण्वनाची, म्हणजे ऑक्सिजनशिवाय साखरेचं अल्कोहोल होण्याची. आपल्या जिल्ह्यात द्राक्षाची वाइन बनते, म्हणून हे उदाहरण जवळचं. यीस्ट द्राक्षशर्करेचं अल्कोहोल कुठे करतं, असं विचारलं की उत्तर येतं ‘तंतुकणिकेत’ (मायटोकॉन्ड्रियात). यीस्टला तंतुकणिका असते, पण हे काम पेशीद्रव्यातच उरकतं. या द्राक्षशर्करेच्या, म्हणजे ग्लुकोजच्या, एका रेणूचं पायरुव्हेटपर्यंत विघटन होताना ४ एटीपी (पेशीला ऊर्जा पुरवणारे रेणू) तयार होतात, २ आधीच खर्च झालेले असतात, हाती राहतात २. पुढे पायरुव्हेटपासून इथेनॉल होताना नवा एटीपी मिळतच नाही. मग यीस्ट ही खटपट का करतं? विघटनात वापरला गेलेला एनएडी हा मदतनीस रेणू परत मोकळा व्हावा म्हणून. तो अडकला तर ग्लुकोजचं विघटनच थांबेल. हे कारण लिहिणारी उत्तरपत्रिका मला क्वचितच मिळते, आणि मिळाली की फार आनंद होतो.

ऑक्सिजन वापरून ग्लुकोजचं पूर्ण विघटन झालं तर मिळणाऱ्या एटीपीच्या एकूण आकड्यावरून भांडू नका. जुन्या हिशेबात ३८ किंवा ३६ येतात, आताच्या हिशेबात साधारण ३० ते ३२. परीक्षेत आपल्या पाठ्यपुस्तकातला आकडा लिहा.

विकरांबाबत (एन्झाइमांबाबत) एवढंच: थंडीने विकर मोडत नाही, मंदावतं. उकळल्यावर मात्र त्याची घडण बिघडते. कडाक्याच्या थंडीत सकाळी लाळेतल्या विकराने पिष्ट (स्टार्च) पचवण्याचा प्रयोग रेंगाळला तर परीक्षानळी ३७ अंशांच्या पाण्यात ठेवा. उकळलेल्या लाळेची नळी तपासताना गरम द्रावणात आयोडीन टाकू नका. पिष्ट असूनही निळा रंग दिसत नाही आणि पिष्ट संपलं असं वाटतं. नळी थंड होऊ द्या, रंग परत येतो.